जुना कागद अस्सल कसा ठरतो?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "सर, आमच्या घरी देवघरात एक ताम्रपट आहे. आजोबांच्या आजोबांपासून आहे. तो खरा आहे की नाही ते बघून सांगाल का?" मी म्हटलं, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, ताम्रपट वाचणं माझं काम नाही, जे वाचतात त्यांच्याकडे तुम्हाला पाठवतो. तर ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "पाठवा. पण खोटा निघाला तर घरी फोन करू नका. माझ्या मोबाइलवर करा. आई शहाऐंशीची आहे."

मला हे वाक्य फार ओळखीचं वाटलं. कारण आमच्याही घरी असाच एक कागद होता, आणि मीही एकदा असंच घुटमळलो होतो. म्हणून आज ठरवलेला विषय जरा बाजूला ठेवतो आणि या प्रश्नावर बोलतो: जी वस्तू किंवा जो कागद स्वतःला जुना म्हणवतो, त्याचं म्हणणं आपण कधी मान्य करायचं?

आधी घरचा कागद. लाल फडक्यात गुंडाळलेला, वीतभर रुंद, लांबट, मोडीत लिहिलेला. दसऱ्याला तो बाहेर निघायचा, गंधफूल व्हायचं, परत पेटीत जायचा. घरात कोणालाही मोडी येत नव्हती, पण कागदात काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं: अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी आमच्या मूळ पुरुषाने महाराजांची काही कामगिरी केली, म्हणून महाराजांनी त्याला जमीन इनाम दिली. लहानपणी शाळेत अफझलखानाचा धडा सुरू झाला की माझी छाती फुगायची. वर्गातल्या बाकीच्यांसाठी तो इतिहास होता, माझ्यासाठी घरची गोष्ट होती.

मी नोकरीला लागल्यावर, म्हणजे पस्तिशीत असेन, मोडी जाणणारे एक वयस्कर गृहस्थ ओळखीचे झाले. सगळी हयात जुन्या दप्तरांत गेलेली. त्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी वाचायच्या आधी काय केलं सांगू? कागद उचलला आणि खिडकीकडे धरला. उजेडात. मग मला म्हणाले, "या इकडे, बघा." कागदाच्या पोटात फिकट इंग्रजी अक्षरं दिसत होती, अर्धी कापलेली, आणि त्यांच्याखाली आकडा: 1847.

हे जलचिन्ह. जुन्नरचा किंवा दौलताबादचा हातकागद उजेडात धरला तर साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसतील, पण अक्षरं दिसणार नाहीत. विलायती गिरण्या मात्र कागदात आपलं नाव आणि पुष्कळदा सालही उमटवत. 1847 साली तयार झालेल्या कागदावर 1659 च्या प्रसंगाबद्दल महाराजांनी सनद कशी लिहून दिली असेल? मी लगेच म्हटलं, "नक्कल असेल. मूळ कागद जीर्ण झाला म्हणून नवीन कागदावर उतरवून घेतला असेल." ते हसले. म्हणाले, "चांगलं बोललात. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. आता वाचून बघू."

हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे बहुतेक लोक घसरतात. आपल्याकडचं निम्मंअधिक वाङ्मय नकलांमधूनच आलेलं आहे. शाई नवी, कागद नवा, म्हणून मजकूर नवा असं होत नाही. मजकुराची परीक्षा वेगळी करावी लागते. ती त्यांनी पुढच्या पाच मिनिटांत केली, पण मी ती तुम्हाला थोड्या वेळाने सांगतो. त्याआधी तुम्हाला पंधराव्या शतकातल्या इटलीत नेतो, कारण ही मजकुराची परीक्षा तिथे एका माणसाने इतकी नमुनेदार करून ठेवली आहे की पुढे कोणालाही ती टाळता आली नाही.

त्याचं नाव लोरेन्झो व्हाला. लॅटिन भाषेच्या शुद्ध वापरावर मोठा ग्रंथ लिहिणारा, भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. त्याच्या काळी एक दस्तऐवज सर्वमान्य होता, त्याला कॉन्स्टंटाइनचं दानपत्र म्हणतात. चौथ्या शतकातला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याला महारोग झाला होता, पोप सिल्वेस्टरने त्याला बरं केलं, म्हणून सम्राटाने कृतज्ञतेने रोम, इटली आणि पश्चिमेकडचे सगळे प्रांत पोपला देऊन टाकले, असा त्याचा आशय. म्हणजे आपल्या भाषेत, अर्ध्या साम्राज्याची इनामाची सनद. कित्येक शतकं या कागदाच्या जोरावर पोप राजांशी भांडत आले. गंमत म्हणजे पोपच्या विरोधातले लोकही कागद खराच मानायचे. दान्तेसारखा कवी म्हणायचा की कॉन्स्टंटाइनने ते दान द्यायला नको होतं. दिलंच नव्हतं, हे त्याच्याही मनात आलं नाही.

1440 साली व्हालाने कागद उघडला आणि भाषा बघितली. दानपत्रात सम्राट आपल्या दरबाऱ्यांचा उल्लेख करतो, त्यांत 'सत्रप' येतात. व्हाला विचारतो, रोमच्या दरबारात सत्रप कुठून आले? तो पूर्वेकडचा शब्द, इराणी सुभेदारांचा. आपल्याकडेही 'क्षत्रप' म्हणून तो आलेला आहे. चौथ्या शतकातला रोमन कारकून तो रोमच्या अधिकाऱ्यांना लावणार नाही. मग दानपत्रात कॉन्स्टँटिनोपल हे धर्मपीठ म्हणून येतं. पण कागदाने सांगितलेल्या वेळी ते शहर त्या नावाने उभंच नव्हतं, त्याची स्थापना 330 ची. मुकुटाचं वर्णन चुकलेलं. लॅटिन तर अशी, की व्हालाला संताप आवरत नाही. आज आपण मानतो की हे दानपत्र आठव्या शतकात केव्हातरी तयार झालं.

पण मला व्हालाचा भाषेचा मुद्दा आवडतो त्याहून जास्त दुसरा एक मुद्दा आवडतो. तो म्हणतो, समजा दिलं. मग घेतल्याची खूण कुठे आहे? इतकं मोठं राज्य हातात आलं तर पोपने नेमलेले सुभेदार कोण? पोपच्या नावाची नाणी कुठे आहेत? नाणी तर सम्राटांचीच सापडतात. म्हणजे कागद एकटा पडतो. खऱ्या घटनेला शेजारपाजार असतो. ती एका कागदात घडत नाही. हिशेबात, भांडणात, नाण्यावर, शेजाऱ्याच्या पत्रात, सगळीकडे तिचे शिंतोडे उडतात.

आता तुम्ही म्हणाल, व्हाला मोठा सत्याचा पुजारी होता. तर तसं काही नाही. तो नेपल्सच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी युद्ध चालू होतं. दानपत्र खोटं ठरणं हे धन्याच्या सोयीचं होतं. आणि पुढे हाच व्हाला पोपच्याच दरबारात नोकरीला लागला! म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, परीक्षकाचा हेतू बघून परीक्षेवर निकाल देऊ नका. स्वार्थी माणूसही बरोबर बोलू शकतो. 'सत्रप' हा शब्द व्हालाच्या हेतूने बदलत नाही.

महाराष्ट्रात हीच दृष्टी घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. 1898 मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि त्यांनी बखरींवर विसंबून राहणाऱ्यांना चांगलंच झोडपलं. अस्सल पत्र एकीकडे आणि पुष्कळ वर्षांनी आठवून, ऐकून, सजवून लिहिलेली बखर दुसरीकडे. राजवाड्यांनी एक साधा उद्योग केला, मला तो व्हालाच्या तोडीचा वाटतो. त्यांनी वेगवेगळ्या काळातली मराठी पत्रं घेतली आणि त्यांतले शब्द मोजले: फारसी किती, मराठी किती. 1628 च्या पत्रात मराठी शब्द शंभरात चौदाच्या आसपास. 1677 च्या पत्रात बासष्टच्या आसपास. आणि 1728 च्या पत्रात नव्वदच्या वर. मधल्या काळात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. राज्याभिषेक झाला, राज्यव्यवहारकोश तयार झाला, राजभाषा बदलली.

तीन पत्रांवरून नियम होत नाही, हे मान्य. पण दिशा कळते. आता आमच्या मोडीवाल्या गृहस्थांकडे परत चला. ते कागद वाचत गेले आणि मधेच थांबून म्हणाले, "1659 चा मजकूर म्हणता, आणि भाषा इतकी स्वच्छ मराठी? फारसी गेली कुठे?" मग तारखेपाशी आले. तिथे राज्याभिषेक शक होता. राज्याभिषेक 1674 चा. त्याआधी पंधरा वर्षं कोणी तो शक लिहील कसा? महाराजांच्या आधीच्या कागदांत शुहूर सन असतो. नक्कल करणारा शाई बदलेल, कागद बदलेल, एखादी वेलांटी चुकवील. पण शकच नवा घालणार नाही. शेवटी त्यांनी मला अक्षराचं वळण दाखवलं. बोरूने लिहिलं की टाकाच्या कापाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते. आमच्या कागदातली रेघ विलायती निबाची होती. तेवढ्यावरून मजकूर खोटा ठरला नसता, पण आता ती ओळीने तिसरी खूण होती.

त्यांनी कागद घडी करून परत दिला. खोटा, लबाडी, असा एकही शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "जपून ठेवा हं." मला वाटलं माझं सांत्वन करतायत. त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

आता मी जरा नाजूक विषयाकडे वळतो, कारण तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात तो आधीच आलेला असणार. वैमानिक शास्त्र. भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जाणारा विमानविद्येचा संस्कृत ग्रंथ. 2015 च्या जानेवारीत मुंबईला विज्ञान काँग्रेस भरली होती, तिथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्यानंतर महिनाभर मला भेटेल तो माणूस हेच विचारायचा. (तळपद्यांच्या विमानाचा प्रश्न आज विचारू नका. ते 1895 चं मुंबईतलं प्रकरण, त्याला पुरावा वेगळा लागतो.)

या ग्रंथाची परीक्षा 2015 च्या चाळीस वर्षं आधीच झालेली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 साली ती केली. ते अभियंते होते, पण मला त्यांचा क्रम फार आवडतो. त्यांनी आधी गणित केलं नाही. आधी विचारलं, हा मजकूर आला कुठून? तर असं निघालं, की बंगळूरचे पंडित सुब्बराय शास्त्री नावाचे गृहस्थ होते. त्यांनी हे श्लोक तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने उतरवून घेतले. आकृत्या नंतर, 1923 च्या सुमारास, त्यांच्या सांगण्यावरून एका ड्राफ्ट्समनने काढल्या. विसाव्या शतकाच्या आधीची एकही पोथी सापडत नाही. मग त्यांनी भाषा बघितली: वैदिक संस्कृतची एकही खूण नाही, सोपी, अलीकडची संस्कृत आणि अनुष्टुभ छंद. मग शेवटी यंत्रविद्या. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी विमानं वर्णिली आहेत. त्यांची रचना, वजन, पंख हे सगळं तपासून त्यांनी सांगितलं की ही यंत्रं उडणार नाहीत. रचनेचा काळ त्यांनी 1900 ते 1922 च्या दरम्यान ठरवला.

म्हणजे बघा, व्हालाचे तीनही प्रश्न इथे आहेत. भाषा कोणत्या काळची, मजकुरातल्या वस्तू कोणत्या काळच्या आणि शेजारपाजार काय म्हणतो. आणि शेजारपाजार इथे फार बोलका आहे. आपल्याकडे आर्यभटावर भास्कराने लिहिलं, भास्करावर इतरांनी लिहिलं, टीका, उपटीका, खंडनं. शास्त्र म्हटलं की भाष्यकारांची रांग लागते. हजारो वर्षं एक विमानशास्त्र या देशात होतं आणि एकाही टीकाकाराला त्यावर चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत?

लोक इथे चिडतात. एका सभेत एक तरुण मला म्हणाला, "सर, तुम्हाला आपल्या परंपरेचा अभिमान नाही." मी त्याला म्हटलं, बाबा रे, मला अभिमान आहे म्हणून तर मला राग येतो. न्यायदर्शन ही माझ्या परंपरेतली गोष्ट आहे. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण कोणाच्या शब्दाला? आप्ताच्या. म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती ठाऊक आहे तशीच सांगू इच्छितो, त्याच्या. हे दोन निकष लावल्याशिवाय कागदाला प्रमाण मानायचं नाही, हे आपल्याच लोकांनी शिकवलं. ऋषीचं नाव वर घातल्याने बोलणारा आप्त होत नाही. सुब्बराय शास्त्री लबाड होते असं मी म्हणत नाही. माणसाला प्रामाणिकपणेही असं काही स्फुरू शकतं. पण त्यांना जे स्फुरलं ते त्यांच्या काळचं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत राइट बंधू उडालेले आहेत, वर्तमानपत्रांत विमानांची चित्रं येतायत, देश परक्याच्या ताब्यात आहे आणि एका गरीब शास्त्र्याला वाटतंय की हे आमच्याकडे होतंच. भरद्वाजाबद्दल हा ग्रंथ काही सांगत नाही, पण 1920 च्या भारताबद्दल केवढं सांगतो! त्या दृष्टीने तो वाचणारं कोणी मला भेटलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

"सर, मग प्रयोगशाळेत का नाही टाकत? कार्बन काढा की." हा प्रश्न दर वेळी येतो. कार्बन-14 ची पद्धत विलर्ड लिबी यांनी 1949 च्या सुमारास सिद्ध केली, त्यांना नोबेलही मिळालं. जिवंत झाडात किंवा प्राण्यात हा कार्बन येत राहतो, मेल्यावर यायचा थांबतो आणि मग साधारण 5,730 वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं. उत्तम पद्धत आहे. ट्यूरिनच्या कफनाचं कापड 1988 साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना अशा तीन प्रयोगशाळांनी तपासलं आणि ते 1260 ते 1390 च्या दरम्यानचं निघालं. तीही मौज बघा, 1389 मध्ये फ्रान्समधल्या एका बिशपने पोपला लिहून ठेवलेलं होतं की हे चित्रकाराचं काम आहे. सहाशे वर्षांनी प्रयोगशाळेने त्या कागदाला दुजोरा दिला.

पण कार्बन काय मोजतो? झाड कधी तोडलं, जवस कधी कापलं, जनावर कधी मेलं. त्यावर लिहिलं कधी, हे तो सांगत नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मान्यवर प्राध्यापक बाईंनी कॉप्टिक भाषेतला पपायरसचा एक तुकडा जाहीर केला. व्हिजिटिंग कार्डाएवढा. त्यात येशू 'माझी पत्नी' असं म्हणतो. जगभर खळबळ. पपायरस तपासला, तो खरोखर जुना, सातव्या-आठव्या शतकातला. शाई तपासली, ती काजळीची, जुन्या पद्धतीची. पण काजळीची शाई आपल्याकडे आज्जीसुद्धा करत असे! आणि जुना कोरा पपायरस बाजारात मिळतो. प्रयोगशाळेतून तुकडा पास झाला आणि नापास कुठे झाला माहीत आहे? व्याकरणात. अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्यातले शब्द थॉमसच्या शुभवर्तमानातून उचलून जोडलेले आहेत; आणि त्या शुभवर्तमानाची एक प्रत इंटरनेटवर आहे, तिच्यात टंकनाची एक चूक आहे, एक अक्षर गळलेलं आहे. तीच चूक या 'प्राचीन' तुकड्यात! मग 2016 मध्ये एका पत्रकाराने तुकडा कोणाकडून आला त्याचा माग काढला, आणि त्या बाईंनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. मान्य करायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं. पण हा माग त्यांनी स्वतः पहिल्या दिवशी काढायला हवा होता, असं मला स्पष्ट वाटतं. त्यांच्या अभ्यासाच्या विषयाला तो तुकडा इतका सोयीचा होता, की कुठून आला हे विचारायचं राहून गेलं.

आपल्याला हवं तेच सांगणारा कागद हातात आला की माझा स्वतःचा नियम असा आहे, त्या दिवशी निकाल द्यायचा नाही.

उलट, न ठरवता जुळणारे साक्षीदार मिळाले तर मन निश्चिंत होतं. शिवजन्माच्या तारखेचं उदाहरण घ्या. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली टिळकांना मिळाली, ती 1916 मध्ये छापली गेली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी तिथी आहे, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. एकटी शकावली असती तर कोणी म्हटलं असतं, एका घराण्याचा कागद. पण मग तंजावरला परमानंदाचं संस्कृत 'शिवभारत' सापडलं, त्यात तीच तिथी. राजस्थानात जोधपूरला जन्मकुंडली मिळाली, तिचंही मत तेच. मावळातले देशमुख, तंजावरची पोथी आणि जोधपूरचा ज्योतिषी, यांनी एकत्र बसून काही ठरवलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन सगळंच फेकून द्याल. संशय घेणारा माणूस हुशार दिसतो, म्हणून संशयाची एक फॅशन होते. उत्तर स्पेनमध्ये अल्तामिरा नावाची गुहा आहे. 1879 साली सांथ दे साउतुओला नावाचा हौशी माणूस तिथे जमीन उकरत होता. बरोबर त्याची लहान मुलगी होती. वर बघितलं ते तिने, आणि तिला छतावर रानबैलांची चित्रं दिसली. बापाने जाहीर केलं की ही अश्मयुगातली आहेत. त्या काळच्या बड्या तज्ज्ञांनी त्याला उडवून लावलं: इतकी सुंदर चित्रं रानटी माणूस काढणार कसा, अलीकडे कोणीतरी रंगवलेली असणार. काहींनी तर त्याच्यावरच संशय घेतला. 1888 मध्ये तो तसाच वारला. पुढे फ्रान्समध्ये तशाच गुहा एकेक करून सापडायला लागल्या, आणि 1902 मध्ये कार्तेयाक नावाच्या, त्याला खोटं म्हणणाऱ्यांतल्या अग्रणी विद्वानाने जाहीर कबुली छापली की चूक माझी होती. ज्याची माफी मागायची तो चौदा वर्षांपूर्वीच गेलेला. या तज्ज्ञांकडे पुरावा कोणता होता? काहीही नव्हता. 'असं असूच शकत नाही' हे मत होतं, आणि तेच त्यांनी पुरावा म्हणून वापरलं. वैमानिक शास्त्र खोटं ठरवताना आपण असं केलं असतं, म्हणजे 'आपल्या पूर्वजांना जमणंच शक्य नाही' एवढ्यावर थांबलो असतो, तर आपणही कार्तेयाकच. बंगळूरच्या त्या पाच जणांनी तसं केलं नाही. त्यांनी प्रत्येक विमान कागदावर उभं करून बघितलं.

घरच्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो, वेळ झालेली आहे.

मी वडिलांना सांगितलं नाही. दोन दसरे गेले. मी गंध उगाळून द्यायचो आणि मान खाली घालून उभा राहायचो. तिसऱ्या वर्षी सांगितलं. जलचिन्ह दाखवलं, शक दाखवला. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्या पणजोबांनी हे केलं? माझे पणजोबा फार कडक होते म्हणतात." आणि त्या वर्षीही त्यांनी कागदाला फूल वाहिलं. मी विचारलं नाही का म्हणून.

माझ्या मनात मात्र 1847 चा आकडा राहून गेला. पणजोबांच्या काळात असं काय झालं होतं? उत्तर इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात होतं, मी बघितलं नव्हतं. इनाम कमिशन. कंपनी सरकारने 1852 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना सांगितलं, जमिनीचा हक्क कागदाने सिद्ध करा, नाहीतर सारा भरा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हक्क गावाला ठाऊक होता, गोतसभेला ठाऊक होता, त्यांना एकदम कागद हवा झाला. त्याआधी आपल्याकडे भांडण मिटेना तर दिव्य करायचे, तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचे. तीही भयंकर गोष्ट. पण कागद नाही म्हणून कोणी भूमिहीन होत नव्हता. आता ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले, जळाले, लुटीत गेले, ते काय करणार? जाणकार लेखनिक गाठणार. आणि अर्थात ज्यांचा हक्कच नव्हता तेही त्याच लेखनिकाकडे जाणार. दोघांचे कागद सारखेच दिसणार.

आमचे पणजोबा यातले कोणते? पुष्कळ वर्षांनी एका अभ्यासक मित्राने पुण्याच्या पेशवे दप्तरात काम करताना आमच्या गावाच्या हिशेबात आमच्या घराण्याची एक नोंद बघितली. अठराव्या शतकातली, अस्सल, ठरलेल्या जागी, ठरलेल्या भाषेत, शेजारच्या घराण्यांच्या नोंदींबरोबर. इनाम होतं. अफझलखानाचा काही संबंध नव्हता, कोणत्याशा देवस्थानाच्या सेवेबद्दल होतं. आणि आमच्या कागदात जेवढी जमीन म्हटली आहे तिच्या बरोबर निम्मी. म्हणजे पणजोबांनी हक्क शाबीत करता करता थोडा वाढवूनही घेतला होता! कमिशनने कागद मानला नाही असं दिसतं, कारण जमीन आमच्याकडे राहिली नाही; निम्मीसुद्धा नाही.

ही नोंद सापडली तेव्हा वडील नव्हते. ते असते तर सांगायला मला आवडलं असतं.

तीन वर्षांपूर्वी तो कागद मी एका संग्रहालयाला दिला. तिथल्या मुलीने नोंदवहीत लिहिण्यासाठी विचारलं, "सर, वर्गवारीत काय घालू? शिवकालीन, बनावट?" मी म्हटलं, बनावट हा काळ नसतो. तिने थोडा विचार केला आणि माझ्याकडे न बघता लिहिलं: "इनामाचा कागद. मोडी. सुमारे 1852. विलायती कागद, जलचिन्ह 1847. मजकुरात 1659 च्या प्रसंगाचा दावा." मग लाल फडक्याचं काय करायचं म्हणून विचारलं. तेही ठेवा म्हटलं, त्याच्यावर शंभर-सव्वाशे वर्षांचं गंध आहे.

आता प्रश्न घेऊ. ताम्रपटवाले गृहस्थ आलेले आहेत असं दिसतंय. या, पुढे या.